कोपर

मोस्का म्हणजे माशी.
नाव ठेवलं तेव्हा ती मुठीएवढी होती, नाउएल्पान म्हणाला,
आणि दुसरं काही बोलला नाही.
गान गानहून रात्रभर खडीच्या रस्त्यानं आला होता,
मेंढीच्या कातड्यात गुंडाळून तिला पुढच्या सीटवर ठेवलेलं,
हीटरचं तोंड सगळं तिच्याकडे.

चाऱ्याचा ट्रक उतारावर मागं सरकला.
ब्रेक लावायचा कोण विसरलं, ते त्यानं सांगितलं नाही.
तोच असणार.

एक्स-रे मी काचेवर लावला.
दंडाचं हाड खालून दुभंगलेलं, नीट बेचकीसारखं,
रबर तेवढं बांधायचं राहिलेलं.
डॉक्टर इतुर्बे बराच वेळ बघत राहिल्या.
पाय काढून टाकला तर स्वस्तात होईल, म्हणाल्या,
तीन पायांवर कुत्री मजेत जगतात.
जोडायचा तर दोन पट्ट्या, डझनभर स्क्रू,
आणि मी काही कोपराला गूळ लावणार नाही,
सांधा आखडूही शकतो.

अर्धे पैसे आत्ता, अर्धे कातरणीनंतर,
म्हातारा म्हणाला.

मोडलेल्यापर्यंत पोचायला
आधी धड असलेलं कापावं लागतं.
कोपराचं टोक, ट्रकनंसुद्धा सोडून दिलेलं,
करवतीनं उतरवलं, स्नायूसकट वर घेतलं
डब्याचं झाकण घ्यावं तसं.
आत सांधा. ओला, शिंपल्याच्या आतल्या अंगासारखा,
मधोमध ती चीर.
बाजूनं जाणारा मज्जातंतू, सुतळीएवढा,
ओल्या फितीत घेऊन मी धरून होते दोन तास.
ताणायचा नाही. सोडायचाही नाही.
पंजाला जमिनीची खबर त्याच्यातून जाते.

दोन तुकडे चिमट्यात समोरासमोर आणले.
डॉक्टरांनी मोज्यातल्या नखानं सांध चाचपली,
नख अडायला नको.
अडलं.
सोडलं सगळं, पुन्हा जुळवलं.
वारा छताचे पत्रे वाजवत होता
आणि मी दुसऱ्या हातानं ड्रिलवर थेंब थेंब पाणी सोडत होते,
हाड तापू नये म्हणून.
आडवा स्क्रू गेला, शेवटच्या आट्याला फट मिटली.
मग पट्ट्या, दोन्ही अंगांना.
मग कापलेलं टोक परत जागेवर, दोन सळया,
त्यांना इंग्रजी आठासारखी पिळलेली तार.
मग त्यांनी पाय वाकवला, सरळ केला,
वाकवला, सरळ केला,
सुतार नव्या दाराची बिजागरी बघतो तसा.

बाहेर नाउएल्पान बाकावर.
येर्बाच्या काढ्याचा भोपळा डाव्या हातात.
उजवा कोपरात अर्धा वाकलेला, तसाच.
सतराव्या वर्षी घोड्यावरून पडला होता. आईनं
सफरचंदांच्या खोक्याच्या दोन फळ्या बांधल्या
आणि म्हणाली, बसेल.
बसलं. सरळ झालं नाही.
एवढं सांगून त्यानं भोपळा माझ्यापुढं केला.
मी प्यायले. गार झाला होता.

नोव्हेंबरात तो परत आला. उरलेले पैसे मेणकापडात,
नोटांना लोकरीचा वास.
मोस्का जराशी लंगडते. थंडीत जास्त लंगडेल.
चढावर तिरकी चालते,
उतारावर मात्र पळू बघते, गळ्यातल्या नरसाळ्यासकट.
टाके केव्हाच निघाले होते,
पण नरसाळं काढा असं त्याला कुणी म्हणालं नव्हतं.
माणसाची जीभ कोपराला पोचत नाही, कुत्र्याची पोचते,
म्हणून ते घालतात, एवढंच त्याला माहीत.

मी काढलं.
तिनं आधी कान झटकले, मग बसली
आणि कोपर चाटू लागली,
नव्या आखूड केसांखालच्या त्या लांब रेघेवरून,
सावकाश, वरून खाली,
जणू कुणी खरंच तिथं
गूळ लावून ठेवला होता.

म्हातारा बघत राहिला. त्याचा उजवा हात
नकळत तोंडाकडे निघाला होता.
नेहमीच्या जागी थांबला.